न्यायला आलेला माणूस

बेलीफ म्हणजे कोण, हे मला अजूनही दर लग्नकार्यात कुणाला तरी सांगावं लागतं. घरातली भांडीकुंडी जप्त करणारा, एवढंच लोकांना ठाऊक असतं. तसली कामंही केली, नाही म्हणत नाही. पण नोकरीतले बहुतेक दिवस गेले ते कागद पोचवण्यात. कुणी कुणावर दावा लावला की कोर्ट समोरच्याला कळवतं, अमुक तारखेला हजर राहा. हा कागद म्हणजे समन्स. ज्याच्या नावाचा असेल त्याच्या हातात तो द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, आणि काय घडलं ते मागच्या बाजूला चार ओळींत लिहून प्रत कोर्टाला वापस करायची. आमच्याकडं याला समन्स तामील करणं म्हणतात. घेणारा ‘नाही’ म्हणाला, तर दोन पंच उभे करायचे आणि कागद दाराला चिकटवायचा. झालं काम. पोस्टमनसारखंच, फरक एवढाच की पोस्टमनची लोक वाट बघतात.

माझं शिक्षण सातवी. बहात्तरच्या दुष्काळात शाळा सुटली ती सुटलीच. बिलोली तालुक्यातलं आमचं गाव; आई-बापासंगं मीही खडी फोडायला गेलो. हातातलं पुस्तक गेलं आणि हातोडी आली, तेव्हा कुणी मला विचारलंही नाही आणि मी रडलोही नाही. पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या, नवी कोर्टं, माणसं पाहिजे होती. शिपाई म्हणून लागलो आणि काही वर्षांनी बेलीफ झालो. ज्या तालुक्याच्या गावी नोकरी केली त्याचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतली माणसं अजून हयात आहेत. माझ्या गावापासून तिथं पोचायला तीन गाड्या बदलाव्या लागत. नांदेडच्या स्टँडवर उतरलं की दर वेळी वाटायचं, नोकरी गेली तर हाच रस्ता उलटा धरून खडी फोडायला जायचंय. ही धास्ती रिटायर होईपर्यंत सुटली नाही. ज्यांनी नोकरीत सांभाळून घेतलं त्यांचे उपकारही तसेच मनात राहिले.

सांभाळून घेतलं ते नाझरसाहेबांनी. नाझर म्हणजे कोर्टात बेलिफांचा वरिष्ठ; रोज सकाळी कागद वाटून देणारा. पान खाणारे, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली.

“अहवालात डोळ्यांनी बघितलेलं लिहायचं. मनानं ओळखलेलं लिहायचं न्हाई. काय?”

“हाव साहेब.”

“हाव म्हणायला सोपं हाय.”

नवरा-बायकोचे कागद ते मुद्दाम मला द्यायचे. घटस्फोट, पोटगी, नांदायला पाठवा असले दावे. बाकीचे बेलीफ दारात उभे राहून खणखणीत आवाजात वाचत, आणि मग घरात रडारड, शिव्या, गर्दी. मला ते सोसायचं नाही. कुणी रडायला लागलं की मी पळवाट शोधायचो. म्हणून मी कागदातली कोर्टाची भाषा बाजूला ठेवून आपल्या बोलीत, हळू, गोडीनं सांगायचो. “काय न्हाई बाई, साहेबांनी बोलावलंय, एक दिवस यायचं, दोन शब्द बोलायचे.” माणसं शांतपणे अंगठा देत. तालुक्यात माझं नाव झालं होतं, याच्या हातून बाई रडत नाही म्हणून. मला त्याचा अभिमान होता. नाझरसाहेब मात्र एकदा पान लावता लावता म्हणाले, “अरे, रडू देत जा की. कुणाचं रडणं थांबवायचा पगार देत न्हाई सरकार तुला.” मी हसण्यावारी नेलं.

या कामात एक गोष्ट फार बघितली. भांडण दोघांचं असलं तरी आवाज एकाचाच असतो. पुरुषमाणूस कागद बघून ओरडतो, टराटरा फाडतो, माझ्या सात पिढ्या काढतो, आणि ओरडून झाल्यावर मोकळा होतो. असाच एकजण, समन्स फाडून माझ्या तोंडावर फेकलेला, अर्ध्या तासानं फाट्यावर धापा टाकत आला. मला वाटलं आता मारतो. जवळ येऊन म्हणाला, “तुम्ही तिच्या गावाला जाता का हो? दिसली का? वाळली तर न्हाई ना?” मी म्हटलं, “तेच तिला जाऊन विचारा की.” तर म्हणाला, “मी कसा जाऊ? मी नवरा हाय.”

दुसरं एक जोडपं म्हातारपणाला टेकलेलं. एकाच घरात राहून बायकोनं पोटगीचा दावा लावलेला, कारण चार वर्षांपासून दोघांचा अबोला. मी कागद घेऊन गेलो तर आजी चुलीपुढं, आजोबा बाजेवर, मधे पाच हात जागा.

आजी मला म्हणाली, “त्यांना म्हणावं, कागद आलाय, घ्या.”

आजोबा मला म्हणाले, “तिला म्हणावं, मी भैरा न्हाई.”

“त्यांना म्हणावं, चहा निवून चाललाय.”

“तिला म्हणावं, साखर लई टाकली.”

मी दोघांचे निरोप पाच हातांवर पोचवत चहा पिऊन घेतला. ही गोष्ट मी कोर्टात सांगितली तर आठवडाभर सगळे एकमेकांना “त्यांना म्हणावं” करून राहिले होते. मीही हसलो. माझ्या स्वतःच्या घरी काय चाललंय ते तेव्हा माझ्या ध्यानात येत नव्हतं.

माझी बायको गावाकडं होती. लग्नाला नऊ वर्षं झालेली. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. ती म्हणायची, “मला कवा नेणार?” मी म्हणायचो, “पुढच्या खेपेला बघू. तिकडं पाण्याचे लई हाल हायेत.” ती पुन्हा म्हणाली की माझा आवाज चढायचा. कोर्टात ज्याचा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता त्याचा आवाज घरात गल्लीच्या टोकाला जायचा. ती गप्प व्हायची. ती गप्प झाली की मला वाटायचं, पटलं तिला.

आता सुमनबाईंची गोष्ट. नाव बदललंय.

त्यांचे मालक आमच्याच तालुक्याच्या गावी दाळमिलमध्ये मुकादम होते. त्यांनी घटस्फोटाचा अर्ज केला होता. अर्जात लिहिलं होतं की बायको उलट बोलते, आणि दोन वर्षांपासून स्वतःहून माहेरी निघून गेलेली आहे, नांदायला येत नाही. मला मागाहून कळलं ते असं, की उलट बोलण्यावरून मालकानं सहा महिने अबोला धरला, तिच्या हातचं जेवण सोडलं, आणि पंचमीला माहेरी पाठवून दिलं. न्यायला कुणी गेलंच नाही. आपल्याकडं बाई आपल्या पायानं सासरी परतत नाही. सासरकडून माणूस यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की भांडण मिटलं, येत नाही तोवर वाट बघायची. नवऱ्याला ‘ये’ म्हणावं लागत नाही आणि बायकोला ‘येते’ म्हणावं लागत नाही. सगळं त्या मधल्या माणसावर.

मी गेलो ते उन्हाळ्यात. त्या सालीही पावसानं दगा दिला होता. गाव निम्मं रिकामं, कामाला परमुलखी गेलेलं. तिचा भाऊही गेलेला. घरात म्हातारे वडील आणि सुमनबाई. ओसरीवर बसून त्या तूर निवडत होत्या.

मी म्हटलं, “रामराम आबा. कोर्टातून आलोय.”

म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं. “बसा, बसा पाव्हणं,” म्हणाले.

मग मी सुमनबाईंकडं वळलो. कागदावर शब्द स्पष्ट छापलेला होता, घटस्फोट. त्यांनी सुपातून मान वर केली आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की तो शब्द माझ्या तोंडून निघेना. मी नेहमीसारखा गोडीनं सुरू झालो. “काय न्हाई बाई, तुमच्या मालकानं बोलावलंय. या कागदावर तारीख हाय. पुढल्या महिन्याच्या बारा तारखेला यायचं. दोन शब्द बोलायचे अन् निकाल लावून टाकायचा.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. उठून आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या, माझ्यापुढं पाण्याचा तांब्या आणि बशीत गुळाचा खडा ठेवला, आणि पुन्हा आत गेल्या.

आता इथं मला कळायला पाहिजे होतं. त्या गावात टँकर चार दिवसांनी यायचा. आणि आमच्यासारख्याला पाणी देण्याआधी गावोगाव आडनाव विचारत, तिथं न विचारता भरलेला तांब्या आला. कोर्टाच्या माणसाला कुणी गूळ देतं का? मला वाटलं, माझ्या गोड बोलण्याची ही किंमत झाली. मी गूळ खाल्ला.

मग वाट बघत बसलो. अंगठा घ्यायचा होता. परतीची गाडी साडेतीनची, त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी. तीन वाजून गेले. मी दोनदा हाक मारली, “बाई, येता का?” आतून भांड्यांचा आवाज, पेटीच्या कडीचा आवाज. म्हाताऱ्याला खुणेनं विचारलं. ते म्हणाले, “ती काय बोलायची न्हाई. दोन सालं झाली, बोलतच न्हाई कुणाशी.”

मी मनानं ओळखलं. घेत नाही. शेजारचे दोघं पंच म्हणून बोलावले. खिशातली कणकेच्या खळीची डबी काढून कागद दाराच्या फळीला चिकटवला. पलीकडची एक म्हातारी बघत होती, म्हणाली, “खायाला पीठ न्हाई, अन् हा मुडदा दाराला लावून राह्यलाय.” पंच हसले. मी प्रतीच्या मागं लिहिलं, ‘सामनेवालीस समजावून सांगितले. तिने समन्स घेण्यास नकार दिला. सबब दारास चिकटवले.’ आणि फाट्याकडं निघालो.

गावाबाहेर आल्यावर एकदा मागं वळून बघितलं. सुमनबाई दारात उभ्या होत्या. अंगावर दुसरं, हिरवं पातळ. काखेत बोचकं. हात वर करून त्या काहीतरी म्हणत होत्या. मला वाटलं, शिव्या देतायत. मान खाली घालून मी पाय उचलले. गाडी मिळाली.

बारा तारखेला शिपायानं व्हरांड्यात येऊन तिच्या नावाचा पुकारा केला. तीनदा. मी दाराशीच होतो. तिचे मालक इस्त्रीचा सदरा घालून वकिलाच्या मागं उभे होते. प्रत्येक पुकाऱ्याला ते दाराकडं बघत. ती यावी असं त्यांना वाटत होतं की येऊ नये असं, ते मला ओळखता आलं नाही. जज्जसाहेबांनी माझा अहवाल वाचला. “नकार दिलाय,” म्हणाले. दावा एकतर्फी चालला. पुढं दोन तारखांत निकाल झाला, आणि त्या मुकादमांनी दुसरं लग्न केल्याचं वर्षभरात कानावर आलं. असे निकाल कित्येक होतात. मी विसरून गेलो.

त्यानंतर एका दुपारी शिपाई हसत आत आला. “तुला भेटायला बाई आलीय. ‘न्यायला आलेले भाऊ कुठायत’ म्हणती.”

कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सुमनबाई बसल्या होत्या. मी ओळखलं नाही. त्यांनी मला लगेच ओळखलं.

“भाऊ, त्या दिवशी तुम्ही थांबला का न्हाई?” पहिलाच प्रश्न. “मी पातळ नेसायला गेले, बोचकं बांधलं, येऊन बघते तर तुम्ही फाट्याला. किती हाका मारल्या.”

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी सावकाश. मी कोर्टातला म्हणजे मालकाच्याच गावचा, त्यांनीच धाडलेला माणूस, असं त्यांनी धरलं; मालकानं बोलावलंय हे ऐकलं, बारा तारीख ऐकली. मुराळी सोडून गेला तरी तारीख देऊन गेला, असं त्यांनी मनाला समजावलं. कागद दारावरून जपून सोडवला आणि पेटीत ठेवला. मालकाची चिठ्ठी म्हणून. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हाताऱ्यालाही नाही. आणि बारा तारखेला आपल्या पायानं, बोचकं घेऊन, त्या नवऱ्याच्या दारात जाऊन बसल्या. दाराला कुलूप होतं. शिपाई इथं पुकारत होता तेव्हा त्या कोर्टापासून दोन गल्ल्यांवर पायरीवर बसून होत्या.

मी विचारलं, “मग? मालक आले नाहीत?”

“आले की. दिवस कलताना आले. मला बघून उभेच राह्यले. मी म्हटलं, तुम्ही बोलावलं, आले. तर म्हणले, आज जा तू, मी येतो न्यायला. स्वतः यष्टीत बसवून दिलं. डोळ्यात पाणी व्हतं त्यांच्या. मी वाट बघून राह्यले. मग हिरीवर बाया बोलल्या, तुझ्या मालकानं दुसरी केली.”

त्यांनी पदराच्या गाठीतून घडी केलेला कागद काढला. मागं वाळलेल्या खळीचे पापुद्रे तसेच होते. “आता तरी वाचा ह्यात काय लिव्हलंय. खरं वाचा.”

मी वाचला. पहिल्यांदा सगळा वाचला. सामनेवाली उलट बोलते, स्वतःहून निघून गेली, घटस्फोट व्हावा. मला वाटलं आता त्या रडतील. रडल्या नाहीत.

मी तसाच नाझरसाहेबांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी पान तोंडात टाकता टाकता खाली ठेवलं. म्हणाले, “तू अंगठा मागितलाच न्हाईस. नकार तुला दिसला न्हाई, तू ओळखलास.” मग म्हणाले, “तिला अर्ज करता येईल. आज कळलं म्हणून महिन्याच्या आत. तुला साहेबांपुढं उभं राहून सांगावं लागंल, अहवाल खोटा हाय म्हणून. नोकरीचं काय होईल, मी सांगू शकत न्हाई. मी थांबवतबी न्हाई.”

लिंबाखाली वापस जायला पन्नास पावलं. त्या पन्नास पावलांत मला नांदेडचा स्टँड दिसला, उलटा रस्ता दिसला, खडी दिसली. तरी सांगितलं. म्हटलं, “बाई, चूक माझी हाय. मी साहेबांपुढं सांगतो. केस पुन्हा उभी राहील.”

त्यांनी विचारलं, “मग ते मला न्यायला येतील?”

“न्हाई. ते मी सांगू शकत न्हाई. फक्त केस उभी राहील.”

“मग राहू द्या.”

मी लिहायला बसलोय ते या पुढच्या एका ओळीसाठी. त्या ‘राहू द्या’ म्हणाल्या, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. नोकरी वाचली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. “विचार करा बाई, महिना हाय” एवढंसुद्धा म्हणालो नाही. माझा उतरलेला दगड त्यांना दिसला असावा, कारण त्या माझ्याकडं बघत उठल्या आणि म्हणाल्या,

“त्या दिवशी खरं सांगितलं असतं, तर मी रडले असते. ओरडले असते. फाट्यापातूर तुमच्या मागं शिव्या देत आले असते. अन् बारा तारखेला साहेबांपुढं येऊन सगळं बोलले असते, त्यांच्या देखत. दोन सालं ते मनात बांधून ठिवलं व्हतं, भाऊ. तुम्ही गोड बोलला. त्यांनीबी गोड बोलून गाडीत बसवलं. माझं बोलायचं ऱ्हायलंच.”

कागद माझ्या हातात ठेवला. “हे तुमचं हाय,” म्हणाल्या, आणि स्टँडकडं गेल्या. पुन्हा कधी दिसल्या नाहीत. एकदा त्यांच्या गावचं दुसरं समन्स घेऊन गेलो होतो, तर घराला कुलूप होतं. विचारायचा धीर झाला नाही.

त्यानंतर मी प्रत्येक कागद जसा असेल तसा वाचला. बाया रडल्या, बापे रडले, एकीनं चुलीतलं लाकूड घेऊन मला वेशीपर्यंत पळवलं. तालुक्यातलं माझं नाव गेलं. नाझरसाहेब नवरा-बायकोचे कागद मात्र मलाच देत राहिले.

सुमनबाई भेटल्या त्याच महिन्यात गावी गेलो. बायको दारात बसून कापूस निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, “चल. तुला न्यायला आलोय.”

तिनं वर बघितलं नाही. उठून आत गेली.

एरवी मी ओरडलो असतो, नाहीतर गप्प झाली म्हणजे पटलं असं समजून दोस्तांकडं गेलो असतो. त्या दिवशी चप्पल काढून उंबऱ्यावर बसलो. दुपारची गाडी गेली. आई म्हणाली, “अरे, हाक तरी मार तिला.” मी मारली नाही. आत पेटीच्या कडीचा आवाज येतो का, ते ऐकत होतो. येत नव्हता.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. हातात बोचकं नव्हतं. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “नऊ सालं झाली. आधी माझं ऐका, मग नेण्याचं बोला.”

आणि ती बोलायला लागली. पहिल्या वर्षापासून. आवाज चढला, गल्लीच्या टोकाला गेला, माणसं डोकावून गेली. मधेच रडली, पुन्हा बोलली. मी उंबऱ्यावरून उठलो नाही. बिलोलीची शेवटची गाडी फाट्यावर हॉर्न देऊन गेली, ती आम्ही दोघांनीही ऐकली. ती क्षणभर थांबली, मी उठतो का बघायला.

मी म्हटलं, “पुढं सांग.”